बॉम जीझसला परत गिलावा करावा का?

चिरेबंदी_वाडा: जुन्या गोव्यात जाणारा प्रत्येक जण बॉम जीझस बॅसिलिकाच्या त्या लालसर भिंतीसमोर फोटो काढतो, पण मुळात हे चर्च लाल नव्हतंच. 1594 ला पाया घातला, 1605 ला चर्च वापरात आलं, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पंथाचा मठ शेजारी त्याच्याही आधी 1585 ला उभा राहिला होता. बाहेरून चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज तज्ज्ञाने काढायला लावला आणि तेव्हापासून नुसता जांभा दगड पाऊस खातोय. माझं म्हणणं, गिलावा परत करा. बोला.

सडाफटिंग: अजिबात नको. आख्ख्या जगाला हे चर्च लालच माहितीये, 1986 ला युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हाही लालच होतं. पांढरंच बघायचं तर समोर से कॅथेड्रल आहे की. आणि सत्तर वर्षं उभं आहेच ना, पडलं का? जांभा खाणीतून काढल्यावर हवा लागून उलट घट्ट होतो, आमच्याकडे राजापुरात बिनगिलाव्याची कितीतरी घरं आहेत.

पागोळी: सडाफटिंग भाऊ, त्या घरांना बाहेर आलेलं छप्पर असतं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, तरी लोक पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधतात ते काय हौस म्हणून? इथे तीन मजली दर्शनी भिंत सरळ आभाळाखाली उभी आहे, वर वळचण नाही काही नाही. जांभा घट्ट होतो हे खरं पण भोकाभोकांचा असतो, पाणी आत शिरतं, मऊ भाग धुऊन जातो. गिलावा असतो तो त्यासाठीच, मार त्याने खायचा आणि दर काही वर्षांनी तो बदलायचा, दगड तसाच राहतो.

चिरेबंदी_वाडा: +1. शिवाय सौंदर्याचं म्हणाल तर खांब, नक्षी, वरचं जेझुइटांचं आयएचएस (येशूच्या नावाची अक्षरं) हे सगळं काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, आणि तो दगड आपल्या वसईहून गलबतांनी नेलेला. पांढऱ्या चुन्यावर काळी नक्षी उठून दिसावी हाच तर बेत असणार! आता लालावर काळं, अर्धी नक्षी लांबून दिसतच नाही.

सडाफटिंग: "असणार" वर काय जाता राव. कास्त्रोने काढला तो पण आता इतिहासच झाला की, त्या काळी पोर्तुगालमध्येही जुन्या चर्चेसचा गिलावा खरवडून दगड उघडा करायची फॅशन होती. एकाने खरवडायचं, दुसऱ्याने परत थापायचं, मग तिसरा येऊन अजून काही करणार. आणि खरं सांगू का, मला भीती चुन्याची नाही, सरकारी टेंडरची आहे. कागदावर चुना आणि भिंतीवर सिमेंट असं झालं तर आतला ओलावा अडकून जांभा आतून कुजेल, मग बोंबला.

पागोळी: हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. सिमेंट लावायचं असेल तर राहू दे तसंच, त्यापेक्षा उघडं बरं.

मांडवीकाठ: मी जुन्या गोव्याजवळच राहतो. काही वर्षांपूर्वी खुद्द बॅसिलिकाच्या रेक्टरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, गिलाव्याची मागणी जाहीरपणे केली होती, तेव्हा हे काय फक्त बाहेरच्यांचं खूळ नाही. तुम्हाला फोटोची पडलीय, आमच्यासाठी ते रोज मास (चर्चमधली प्रार्थना) होणारं देऊळ आहे, आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, 2024 च्या दर्शनाला किती गर्दी लोटली ते पाहिलंत ना? आणि दुर्लक्ष केलं की काय होतं ते टेकडीवर जाऊन बघा. सेंट ऑगस्टीनचा केवढा मोठा मठ, 1835 ला पोर्तुगीज सरकारने संन्याशांना हाकललं, बघायला कोणी उरलं नाही, 1842 ला छत कोसळलं, 1931 ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आता तिकडे पण सगळे फोटोच काढतात.

सडाफटिंग: तिथे छतच नव्हतं सांभाळलेलं, इथे छत आहे, पुरातत्व खातं आहे, उगाच घाबरवू नका. मागच्या एखाद्या भिंतीवर चुना लावून चार-पाच पावसाळे बघा, टिकला तर पुढच्या भिंतीचं बोलू.

मांडवीकाठ: चालेल, पण पश्चिमेकडून येणारा पाऊस पुढच्याच भिंतीवर आदळतो. मागच्या भिंतीवर टिकला म्हणून पुढे टिकेल कशावरून?