मदत हवी आहे: ज्योत डुलते, पण आगीची वावटळ उभी राहत नाही

भरतीओहोटी (गुहागर)
गुरुवारी नववीच्या वर्गात दाखवायचंय. फिरतं स्टँड, त्यावर जाळीचं नळकांडं, मधे वाटीत स्पिरिट. सगळं बरोबर आहे, तरी ज्योत वर चढत नाही. काय बदलू? लवकर सांगा.

सुरंगी
जाळी कसली? उंची किती? पंखा चालू होता का?

माडाबन
जाळी खंयची? खुराड्याची असली तर काय्येक होवचा नाय.

भरतीओहोटी
हो, खुराड्याचीच, फूटभर उंच. पण जाळीचा काय संबंध? फिरते तर आहे.

सुरंगी
सगळा संबंध जाळीचाच. जाळीने हवेला आपल्याबरोबर ओढून फिरवायला हवं. एवढी मोठी भोकं असली की तारा हवेतून नुसत्या निघून जातात, हवा जागची हलत नाही. पत्रा लावलात तर बाजूने हवा आतच येणार नाही. खिडकीला डासांसाठी लावतात ती ॲल्युमिनियमची बारीक जाळी घ्या. नायलॉनची अजिबात नको, वितळून पेटेल. व्यास ३० सेंमी, उंची ७५ सेंमी, सांधा बारीक तारेने शिवून घ्या. वाटी स्टीलची, ७-८ सेंमी तोंडाची, बरोब्बर मध्यावर, मातीच्या गोळ्यात घट्ट बसवलेली. ती जरा सरकली तरी ज्योत जाळीकडे झुकते. स्पिरिट २० मिली पुरे. सेकंदाला साधारण एक फेरा.
गरम हवा वर गेली की बाजूची हवा जाळीतून आत येते आणि मध्याकडे सरकताना तिच्या फिरण्याचा वेग वाढतो. तिथेच ज्योत आवळून उंच होते.

कोकमसरबत
स्पिरिट हवंच कशाला? कापराच्या ४ वड्या ठेवा. सांडायची भीती नाही, ज्योतही पिवळीधमक. आणि उंची वाढते ती जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून, मुलांना एवढंच सांगा.

सुरंगी
तेवढंच सांगितलं तर चुकीचं शिकवलं जाईल. ऑक्सिजन लगेच मिसळला असता तर वाफ खालीच जळून ज्योत आखूड झाली असती. फिरत्या गाभ्यात बाहेरची हवा सावकाश मिसळते, म्हणून वाफ बरीच वर जाऊन जळते. शिवाय वाटी जास्त तापते, वाफही जास्त निघते. कापूर काजळी फार धरतो, बंद वर्गात नको. स्पिरिटची ज्योत फिकट वाटली तर मिठाच्या पाण्यात भिजवून कडकडीत वाळवलेला कापूस वाटीत ठेवा, पिवळी दिसेल.

माडाबन
स्टँडच नको. चार काचा चौकोनात उभ्या करा, प्रत्येक कोपऱ्यात ३ सेंमीची फट, चारही फटी एकाच वळणाच्या. हवा आपोआप तिरकी शिरते. काचांना खाली लाकडी खाच हवी.

सुरंगी
काच तापून तडकली तर? मुलांसमोर जाळीच बरी.

शिंपले
वावटळ डावीकडेच फिरणार ना? ३ जून २०२० ला रायगडात आलेलं निसर्ग वादळ तसंच फिरत होतं.

माडाबन
ती पृथ्वीच्या फिरण्याची करामत, शेकडो किलोमीटरच्या वादळाला लागू. इथे स्टँड फिरवाल तशी ज्योत फिरेल. दोन्हीकडे फिरवून दाखवा.

भरतीओहोटी
बारीक जाळी लावली. आता ज्योत अर्ध्या जाळीपर्यंत चढते, पण दुपारी मोडते. आणि संपल्यावर लगेच ओतून पुन्हा पेटवलं तर चालेल?

सुरंगी
दुपारी खारे वारे सुटतात. तास सकाळी घ्या, खिडक्या-पंखे बंद.
लगेच ओतायचं नाही! उजेडात विझत आलेली ज्योत दिसत नाही, बाटलीच्या तोंडाशी भडका उडून समोरच्या बाकापर्यंत आग जाते. वाटीवर झाकण ठेवून विझवा, हाताला गार लागेपर्यंत थांबा, बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसऱ्यांदा दाखवायचंय तर आधीच भरलेली दुसरी वाटी झाकून लांब ठेवा. मुलं २ मीटर मागे, शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट.