जनरेटर सुरू होतो पण घरात करंट येत नाही, नागपुरात खात्रीचा इलेक्ट्रिशियन कसा शोधायचा?

मनीषनगरची_ताई
नमस्कार मंडळी. बाबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागला तेव्हा आम्ही 3 केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर घेतला, कारण इन्व्हर्टरवर ती मशीन फार वेळ निघत नाही. नंतर तो जिन्याखाली झाकूनच होता. परवाच्या वादळात मागच्या गल्लीत तारेवर झाड पडलं, लाईट गेली, जनरेटर काढला, दोरी ओढली तर सुरू झाला पटकन, आवाज वगैरे नीट, पण एक बल्ब पेटेना. ओळखीचा मेकॅनिक आला (तो पंप, गवत कापायच्या मशीन वगैरे करतो), त्यानं प्लग साफ केला, कार्बोरेटर खोललं, मग इंजिनाजवळचा एक स्क्रू पिळत गेला पिळत गेला, इंजिन ओरडायला लागलं आणि बल्ब पेटला, पण नुसता कमीजास्त होऊन राहिला आणि पंख्याला वेगळीच घरघर. म्हणे झालं ताई, लावा आता काहीही. मी कॉन्सन्ट्रेटर लावला नाही, माझी हिंमतच झाली नाही.
वरून म्हणतो की एक्स्टेंशन कशाला ओढता, मी दोन्ही टोकाला पिन असलेली वायर करून देतो, ती किचनच्या सॉकेटमध्ये खोसली की अख्खं घर चालते. यजमानांना हे फार आवडलं आहे. मला नाही आवडलं पण का ते सांगता येत नाही. तर क्वालिफाईड माणूस म्हणजे नेमका कोण, त्याला काय विचारायचं, कागद काय बघायचा?

तर्री_पोहा
ताई, घरच्या जनरेटरसाठी लायसनवाला कोण शोधते बाप्पा 😀 आमच्या प्रतापनगरात एक जण आहे, दहावी पण नाही झाला, पण मशीनला हात लावला की सुरू. लायसनवाले येऊन नुसतं तोंड पाहतात आणि व्हिजिटचे पैसे घेतात. पहिले पेट्रोल बदलून पाहा, आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते पाणी ओढते, सहा महिने टाकीत राहिलं की कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसते, अर्धे जनरेटर त्याच्यानंच बंद पडतात.

खांबावरचा_म्हातारा
तर्री भाऊ, पेट्रोलचं तुम्ही बरोबर बोलले पण त्यांचं इंजिन तर चालू होऊन राहिलं ना, आजार दुसरीकडे आहे.
मी लाईनवर नोकरी केली, रिटायर झालो, म्हणून त्या दोन पिनवाल्या वायरबद्दल पहिले बोलतो. ताई, ती वायर घरात येऊच देऊ नका. मेन स्विच पाडायचा कोणी विसरला की तुमचा करंट मीटरमधून उलटा बाहेर जाते, बाहेर तो ट्रान्सफॉर्मरला भेटते, आणि जो ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे तुम्हाले 230 करून देते तोच उलट्या बाजूनं 230 चे हजारो करते. खाली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा स्विच, पाडून, लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या पोराच्या हातात ते येते. आम्ही काम करायच्या आधी लाईन तपासून तिला अर्थ करायचो ते याच्याचसाठी, कारण कोणाच्या घरात काय खोसलं आहे ते वरून दिसत नाही. आणि दुसरं, जनरेटर चालू असताना ती पिन चुकून सॉकेटमधून निघाली तर पितळेचे खांब उघडे, जिवंत, आणि घरात लेकरं. यजमानांना हे वाचायले द्या.
याच्यासाठी चेंजओव्हर असते. एक हँडल, वर केलं तर महावितरण, खाली केलं तर जनरेटर, मधात बंद, दोन्ही एका वेळेस लागूच शकत नाही. फक्त फेज आणि न्यूट्रल दोन्ही पलटणारं टू पोलचं घ्या, काही जण पैसे वाचवायले फेजच पलटवतात आणि न्यूट्रल जोडलेला ठेवतात.

मनीषनगरची_ताई
बापरे. वाचून दाखवलं, आता ते गप्प आहेत. पण मग हे चेंजओव्हर कोण बसवतो? तोच मेकॅनिक बसवतो म्हणतो.

खांबावरचा_म्हातारा
तो नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं कोणीही करते, नियमात त्याले सूट आहे. पण घरच्या वायरिंगमध्ये नवीन काही जोडायचं असलं तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच पाहिजे, हात लावणाऱ्याकडे तारतंत्री परवाना म्हणजे आपण वायरमन परमिट म्हणतो ते पाहिजे आणि वर सुपरवायझरचं सर्टिफिकेट असलेला माणूस. परमिटवर फोटो असते, नाव असते, मुदत असते. मुदत पाहा, पुष्कळांची संपलेली राहते. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं दोन वर्षांचं सर्टिफिकेट चांगलंच आहे, पण ते म्हणजे परमिट नाही, ते वेगळं काढावं लागते.
सापडायचा सोपा रस्ता सांगतो. नवीन मीटर घेताना ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट लागते. तुमच्या गल्लीत, बेसा-घोगलीकडे इतकी घरं नवीन बांधून राहिले, ज्यानं आत्ताच मीटर घेतलं त्याला विचारा रिपोर्ट कोणी दिला. लायसन नंबर त्याच कागदावर असते.

हिंगणा_रोड_वाइंडिंग
मी अल्टरनेटर (जनरेटरचा करंट बनवणारा भाग) आणि मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचं, काम करतो त्यामुळे मशीनबद्दल बोलतो, वायरिंगचं काकांनी सांगितलंच. ताई, जनरेटर म्हणजे दोन मशीन आहेत, इंजिन आणि अल्टरनेटर, एकाच दांड्यावर. तुमच्या मेकॅनिकला इंजिन कळते, अल्टरनेटर नाही, म्हणून त्यानं अल्टरनेटरचा रोग इंजिनात दाबला. तो स्क्रू गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा स्पीड सांभाळणाऱ्या भागाचा. हे छोटे पेट्रोल सेट बहुतेक 3000 आरपीएमला 50 हर्ट्झ देतात, स्क्रू पिळून स्पीड वाढवला की व्होल्टेज वर येते पण हर्ट्झ पण वर जातात, मोटर-कॉम्प्रेसर असलेल्या वस्तूंना ते चालत नाही आणि कॉन्सन्ट्रेटरच्या आत कॉम्प्रेसरच असते. तुम्ही लावला नाही हे फार बरं केलं.
इंजिन चालू आणि करंट नाही असं असलं की पहिले मल्टीमीटर लावायचं. तीन-चार-पाच व्होल्ट दाखवले तर मशीनमध्ये थोडंसं चुंबकत्व शिल्लक आहे पण एक्सायटेशन होत नाही, म्हणजे ते वाढून पूर्ण व्होल्टेज बनत नाही. तुमच्या मॉडेलला कार्बन ब्रश आणि एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) असतील तर ते पाहायचं, ब्रश नसलेलं असेल तर मागच्या झाकणाच्या आत एक गोल किंवा चौकोनी कपॅसिटर असते, ते फुगते किंवा आतून कमजोर होते. स्पीड वाढवल्यावर बल्ब पेटला म्हणता म्हणजे माझा संशय त्याच्यावरच, पण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. व्होल्ट एकदम शून्य असतील तर चुंबकत्व गेलं असते, बंद पडून राहिलेल्या सेटमध्ये होते तसं, बॅटरीनं क्षणभर फ्लॅश देऊन परत आणता येते पण ते घरी करू नका, एव्हीआर उडते. वाइंडिंगच जळलं असेल तर खर्च वाढते, तेव्हा रिवाइंडिंग की नवीन याचा हिशोब करायचा.
माणूस पारखायचा असेल तर त्याला काम करताना पाहा. झाकण उघडल्यावर कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करतो का, कारण इंजिन बंद असलं तरी ते झटका देते. बदलताना छापलेलेच मायक्रोफॅरड आणि व्होल्ट घेतो का, की जवळ पंख्याचं पडलं आहे ते लावून देतो. मीटरवर हर्ट्झ दाखवायची सोय आहे का. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोड टाकून दाखवतो का, रिकाम्या मशीनवर 230 कोणीही दाखवते, गीझर किंवा इस्त्री लावल्यावर किती राहते ते पाहायचं. जुना पार्ट मागून घ्या.
वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्यालाच बोलवा, बाहेरच्यानं सील तोडलं की ते हात वर करतात.

तर्री_पोहा
बरं बाप्पा, माघार 🙏 पण एक विचारतो, 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा माझ्या साळ्याचा सेट डागा लेआउटमध्ये पूर्ण बुडाला होता, त्यानं उन्हात वाळवून ठेवला आहे, सुरू करून पाहू का?

हिंगणा_रोड_वाइंडिंग
नका पाहू. बाहेरून वाळला तरी वाइंडिंगच्या आत ओल आणि गाळ राहते. मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर लावून तपासा, एक मेगाओमच्या खाली असेल तर सुरू करायचाच नाही, भट्टीत वाळवून व्हार्निश मारावं लागते. इंजिन ऑइल पण काढा, दुधासारखं पांढरं निघालं तर पाणी आतपर्यंत गेलं.

मनीषनगरची_ताई
अपडेट देते. शेजारच्या नवीन घराच्या टेस्ट रिपोर्टवरून एक ठेकेदार मिळाले, परमिट स्वतःहूनच दाखवलं. अल्टरनेटरसाठी ते वेगळा माणूस घेऊन आले, मला हेच बरं वाटलं की मी सगळंच करतो असं म्हणाले नाहीत. मागचं झाकण काढल्यावर कपॅसिटर खरंच बेडकासारखं फुगलेलं, बदललं, मग तो पिळलेला स्क्रू परत मागे घेतला, इस्त्री लावून मीटर दाखवलं, 224 व्होल्ट, 50 च्या आसपास हर्ट्झ. चेंजओव्हर 32 अँपिअरचं, पूर्ण घराला न जोडता बाबांची खोली, फ्रीज आणि हॉलचे दिवे एवढंच वेगळं काढून देणार आहेत, म्हणे 3 केव्हीए म्हणजे 13 अँपिअर, त्यात बोरिंगची मोटर चुकून लागली की बसलं सगळं. जनरेटरच्या बॉडीला अर्थिंग पण करणार आहेत.
आता एकच राहिलं, पावसाळ्यात तो जिन्याखालीच चालवला तर चालेल का? दार उघडं ठेवून?

खांबावरचा_म्हातारा
नाही चालणार. धुरात कार्बन मोनॉक्साईड असते, त्याले ना रंग ना वास, जिन्यातून सरळ वरच्या खोल्यांत चढते आणि तुमच्या घरी तर आधीच ऑक्सिजनवरचा माणूस आहे. अंगणात, खिडक्यांपासून लांब, धूर घराच्या उलट्या दिशेला. पावसासाठी वर पत्र्याचं छप्पर करा, चारही बाजू मोकळ्या ठेवा. ठेकेदार येणारच आहे तर केबल तिथपर्यंत पाईपातून न्यायले आत्ताच सांगून टाका.