आयएसआय मार्क बघून घ्या म्हणतात, पण खरा-खोटा ओळखायचा कुणी?

नाशिककर_७७: थंडी पडली की बादलीत टाकायच्या हीटर रॉडला गिऱ्हाईक वाढतं म्हणून लिहितोय. परवा बाजारात एका रॉडच्या बॉक्सवर सीई (युरोपचा मार्क), आयएसओ ९००१, "१००% शॉकप्रूफ" असं सगळं छापलेलं आणि कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का पण, फक्त शिक्क्याच्या वर आयएस नंबर नाही नि खाली सीएम/एल नंबर नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब आयएसआयच आहे, दिसत नाही का?" अरे पण खऱ्या मार्कवर वर मानकाचा नंबर असतो, रॉडला आयएस ३६८, आणि खाली लायसनचा सीएम/एल नंबर. तो बीआयएसच्या (आयएसआय मार्कचं लायसन देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव-पत्ता, लायसन कशासाठी दिलंय, चालू आहे की संपलं सगळं येतं. आयएसओ ९००१ कंपनीच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, तो रॉड कुणी तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. फ्रिज-एसीवरचे बीईईचे स्टार पण वस्तू वीज किती खाते तेवढंच सांगतात, लोक त्यालाच सेफ्टी समजतात. माझं स्पष्ट मत, विजेच्या वस्तूवर नंबर नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

काकूबाई_ठाणे: पटलं नाही. माझी आई दुकानात उभी राहून ॲप उघडणार आहे का? बारीक अक्षर तिला चष्मा लावूनही दिसत नाही. रॉडला आयएसआय सक्तीचा आहे ना, मग बिननंबरचा माल दुकानात येतोच कसा? धाडी टाकायचं काम ज्यांचं आहे त्यांना विचारा, दरवेळी ग्राहकालाच शहाणं करायला निघू नका.

स्विच_बोर्ड: सीईचं सोप्पं आहे, सी आणि ई मध्ये गॅप कमी असेल तर तो चायना एक्सपोर्ट, जास्त असेल तर युरोपचा ओरिजिनल.

मेकॅनिकल_मनोज: @स्विच_बोर्ड हे व्हॉट्सॲपवर फिरतंय दादा, चायना एक्सपोर्ट नावाचा मार्कच नाहीये. सीई बऱ्याच वस्तूंवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, आणि आपल्याकडे आयएसआयच्या जागी तो चालत नाही. गॅप मोजत बसू नका.

इलेक्ट्रिकवाला: मी दुकानदार आहे, आमची पण बाजू ऐका. गिऱ्हाईक येतं तेच "हलक्यातला दाखवा" म्हणत येतं. होलसेलकडून खोकी येतात, आम्ही एकेक नंबर कधी तपासायचा?

नाशिककर_७७: @इलेक्ट्रिकवाला तपासायलाच लागेल. २०१६ च्या बीआयएस कायद्यात विकणारा पण येतो, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख दंड आहे. @काकूबाई_ठाणे धाडी पाहिजेतच, पण धाड पडेपर्यंत तो रॉड बादलीत गेलेला असतो, आणि आपल्याकडे बाथरूममध्ये पोरंबाळं ओल्या पायाने फिरतात.

काकूबाई_ठाणे: आणि दुसऱ्याच कंपनीचा खरा नंबर छापला तर? ॲप ओके दाखवेल आणि आम्ही निर्धास्त!

नाशिककर_७७: हा मुद्दा बरोबर आहे. म्हणून ॲपमध्ये आलेलं नाव-पत्ता बॉक्सवरच्याशी जुळवायचा, आणि लायसन रॉडचंच आहे ना तेही बघायचं. तरुण पोरांनी घरच्यांसाठी एवढं करावं.

कोकणी_माणूस: पण मार्क नाही म्हणजे वस्तू वाईटच हे डोक्यात बसवू नका हां. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा झाला तेव्हा हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट दिली होती. आमच्या सावंतवाडीच्या लाकडी भाजी-फळांवर शिक्का दिसला नाही म्हणून लोक मागे फिरले तर कारागीर मरतो. ज्याला लायसनचा खर्च झेपत नाही तो प्रत्येक जण चोर नसतो.

मेकॅनिकल_मनोज: लाकडी आंबा आणि पाण्यातला २३० व्होल्टचा रॉड एका मापाने नका मोजू. रॉडला सूट-बिट काही नको.

इलेक्ट्रिकवाला: ठीक आहे, ह्या सीझनला होलसेलवाल्याकडून आधी सीएम/एलचा फोटो मागवतो. पण नंबरवाला माल महाग पडतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, त्याचं काय करू ते सांगा.

नाशिककर_७७: तक्रार करा, त्याच ॲपमध्ये सोय आहे.

इलेक्ट्रिकवाला: शेजाऱ्याची? रोज शटर उघडताना त्याचंच तोंड बघायचंय मला. ग्राहकाने करावी, बिल त्याच्या हातात असतं.

काकूबाई_ठाणे: बिल देता का तुम्ही लोक कधी न मागता?