लो लेव्हल फॉरमॅटनं बॅड सेक्टर जात नाहीत

भाऊ, शाळेतल्या जुन्या डिस्कला लो लेव्हल फॉरमॅट (सेक्टरांची मूळ आखणी नव्यानं करणं) मारला तर बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले छोटे तुकडे) जातील का, असं तुम्ही विचारलं. नाही जाणार. आजच्या साटा (नेहमीच्या जोडणीच्या) डिस्कवर ते काम कारखान्यातच होतं. आपण डीडी या लिनक्स कमांडनं नुसती शून्यं लिहितो. खराब सेक्टर फार तर राखीव जागेवर वळतात. त्यांचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलाच.

दुसरं, एक्स्ट-४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, लहान करताना क्रम महत्त्वाचा: अनमाउंट (पार्टिशन वापरातून सोडवणं), ई२एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी कमांड), रिसाइझ२एफएस (फाइल सिस्टिमचा आकार बदलणारी कमांड), आणि पार्टिशनची हद्द सर्वांत शेवटी. मोठं करताना हद्द आधी. आमच्या दारव्ह्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही. रिसाइझ अर्ध्यावर असताना लाइन गेली आणि पोरांचे वर्षभराचे निकाल गेले, हे मी भोगलंय. आधी बॅकअप घ्या, इन्व्हर्टर जोडा, मगच हात लावा.