मदत हवी आहे: बाबांच्या गोळीची सवय होते, मग शरीराच्या स्वतःच्या नायट्रिक ऑक्साइडची का नाही?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. बाबांना छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू आहे, सकाळी आठला आणि दुपारी तीनला. रात्री मुद्दाम खंड, नाहीतर म्हणे औषध लागू पडेनासं होतं. (खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी, ती पोह्यांच्या गाडीवरही सोबत असते!)

लेक बीएस्सीला, तिच्या वहीत वाचलं: रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातलं एंझाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो वायू काही सेकंदच टिकतो, तेवढ्यात शेजारच्या स्नायुपेशीत शिरून ग्वानिलेट सायक्लेज हे एंझाइम जागं करतो, त्यामुळे सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि वाहिनी सैलावते. याच शोधाला १९९८चं नोबेल. गंमत म्हणजे खुद्द आल्फ्रेड नोबेललाही डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन (हेही नायट्रेटच) घ्यायला सांगितलं होतं.

माझं अडलंय ते इथे. गोळीतूनही शेवटी तोच वायू मिळतो ना? मग शरीर चोवीस तास तो बनवतं त्याची सवय होत नाही, आणि गोळीची कशी होते? गोळीतून तो मोकळा करणारी यंत्रणाच थकते, की पुढचं सायक्लेज दाद देईनासं होतं? लेक म्हणते पहिलं, मला पटत नाहीये.

डोस बदलायचा नाहीये, तो डॉक्टर बघतात. फक्त रसायन समजून घ्यायचंय. फार्माकॉलॉजीवाले कुणी आहेत का?