मदत हवी आहे: जपानमध्ये तलावाकाठचं, खिशाला परवडणारं ऱ्योकान

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन टोकियोला जातोय. एक रात्र तलावाकाठच्या ऱ्योकानमध्ये (म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या निवासात), गरम पाण्याच्या कुंडासकट, काढायची आहे. बजेट माणशी पंधरा हजार येन, दोन्ही जेवणं धरून. (तिथे दर खोलीचा नाही, माणशी सांगतात, त्यामुळे तिघांचा आकडा बघून आधी दचकलोच!)

कावागुचिको तलाव की सुवा तलाव, इथे अडलंय. कावागुचिकोहून फुजी दिसतो, पण तलाव दिसणाऱ्या खोल्यांचे दर चढे आहेत. सुवा तलावाकाठचं कामिसुवा त्या मानाने स्वस्त वाटतंय. शिंजुकुहून थेट रेल्वे, आणि स्टेशनच्या फलाटावरच पाय बुडवून बसायला गरम पाणी! माझा कल तिकडेच आहे.

खरी पंचाईत बाबांची. ते शुद्ध शाकाहारी, आणि तिथल्या साध्या सूपातही माशाचा अर्क असतो. नुसती न्याहारी घेऊन रात्रीचं बाहेर बघावं का? शिवाय आईचे गुडघे दुखतात, जमिनीवरच्या गादीवरून उठवत नाही. तातामीच्या (जमिनीवर गवती चटया अंथरलेल्या) खोलीत पलंग मिळतो का? सार्वजनिक कुंडात कपड्यांशिवाय उतरायला ती तयार नाही, म्हणून तासाभरासाठी खाजगी कुंड देणारी जागा हवी.

कोणी राहून आलं असेल तर नावासकट सांगा.