मदत हवी आहे: प्रवासात पाहिलेल्या वास्तूंवरून वॉलपेपरची नक्षी, रिपीट काही जमेना

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका भिंतीसाठी वॉलपेपरची नक्षी स्वतः काढून छापून घ्यायची आहे. बाकीच्या भिंती साध्याच राहतील. भिंत ३.६ मीटर रुंद आणि २.७५ मीटर उंच. कागदाचा पट्टा ५३ सेंमी रुंद, रोल १०.०५ मीटरचा.

प्रवासातल्या वह्यांमधून निवडलेला ऐवज असा: राजस्थानातल्या आभानेरीच्या चांद बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या पायऱ्या, फत्तेपूर सिक्रीची षट्कोनी जाळी, इराणमधल्या इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या दर्ग्यावरची (१४५३) दहा टोकांची चांदणी आणि इस्तंबूलचे घुमट-मिनार. सुटं सुटं प्रत्येक चित्र आवडतं. एकत्र मांडलं की पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम उघडल्यासारखं दिसतं.

शिवाय घुमटांच्या पायाच्या रेषा शेजारी शेजारी येऊन भिंतीवर आडवे पट्टे उमटतात. सध्याचं रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, ५३ × ६४ सेंमी आहे. हाफ-ड्रॉप केलं, म्हणजे शेजारच्या पट्ट्यावर नक्षी अर्ध्या रिपीटने खाली सरकवली, तर आडवे पट्टे मोडतील, पण त्यात कागद फार वाया जातो असं जो तो सांगतो. चांदणीसाठी चौरस चौकट करून पाहिली, तर तिची टोकं पलीकडच्या टोकांना भिडतच नाहीत. थोडी दाबून बसवली तर बसते, पण मग ती चेपलेली दिसते.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. सगळं ठेवायचं की काही सोडायचं, हेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद:
स्पष्टच सांगतो, घुमट सोडा. तुम्ही ते फोटोवरून काढलेले दिसतात, म्हणजे खालून वर पाहताना रेषा जशा आत झुकतात तशा. एका चित्रात ते ठीक. तेच भिंतीवर पन्नास वेळा आलं की प्रत्येक घुमटाचा लोपबिंदू (झुकलेल्या रेषा जिथे मिळतात ती जागा) वेगळा, आणि नजर ठरत नाही. वास्तू वॉलपेपरवर आणायची तर एकतर सरळ समोरून, आर्किटेक्ट दर्शनी नकाशा काढतात तशी, किंवा आयसोमेट्रिक, म्हणजे कोनातून पाहिल्यासारखी, पण लांबचा भाग लहान न करता. आयसोमेट्रिकमध्ये समांतर रेषा समांतरच राहतात, त्यामुळे कुठेही जोडा, खटकत नाही. चांद बावडीला तर ते फारच शोभेल. समोरच्या भिंतीवरचे ते दुतर्फा उतरणारे जिने म्हणजे नुसते त्रिकोणावर त्रिकोण आहेत, तुम्हाला नक्षी काढायचीच नाहीये, उचलायची आहे.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाला +१. रेषांच्या जाडीकडेही बघा. तीन मीटरवरून साधारण एक मिलिमीटरहून बारीक तपशील डोळ्याला वेगळा कळत नाही. स्क्रीनवर झूम करून काढलेलं जाळीचं कोरीवकाम भिंतीवर नुसता करडा धूर होतं. खऱ्या मापाचा एक तुकडा साध्या कागदांवर छापून, चिकटवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा.

प्रतिसाद:
हाफ-ड्रॉपमध्ये कागद वाया जातो हे सरसकट खरं नाही, भिंतीची उंची आणि रिपीट यांचं गणित बघावं लागतं. तुमचंच घ्या. सरळ जुळणीत प्रत्येक पट्टा ६४ च्या पूर्ण पटीत कापायचा, म्हणजे २७५ साठी ३२० सेंमी. दर पट्ट्यामागे ४५ सेंमी केराच्या टोपलीत. हाफ-ड्रॉपमध्ये पुढचा पट्टा अर्ध्या रिपीटवरून सुरू होतो, म्हणून साडेचार पटीवर, २८८ ला कापता येतं. वाया जातात १३ सेंमी, आणि वर-खाली छाटायला तेवढे लागतातच. फक्त आडवे पट्टे मोडताना तिरपे पट्टे तयार होत नाहीत ना, ते नक्षी चार बाय चार पसरून, डोळे बारीक करून तपासा. हाफ-ड्रॉपचा तो नेहमीचा त्रास आहे.

प्रतिसाद:
चांदणीबद्दल. यात तुमच्या हाताचा दोष नाही, भूमिती आडवी येते. ठरावीक रिपीटने सगळीकडे पसरणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार एकूण १७च प्रकार होतात. फेदोरोव्ह या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं. अशी अख्खी नक्षी वळवून पुन्हा तशीच दिसायला अर्धा, तिसरा, चौथा किंवा सहावा हिस्सा फेरा चालतो. पाचवा किंवा दहावा नाही. दहा टोकांच्या चांदण्या रिपीटमध्ये येऊ शकतात, पण त्यांची चौकट चौरस नसते, ठरावीक प्रमाणाचा आयत किंवा समभुज चौकोन असतो. चौरसच हवा असेल तर आठ टोकं घ्या. षट्कोनी जाळ्यात सहा किंवा बारा.

आणि जाता जाता: तुमची जाळी षट्कोनी, आयसोमेट्रिक जिनेही त्याच साठ अंशांच्या जाळ्यावर बसतात. जिने आणि जाळी एवढंच घेतलंत तर दोन्ही एकाच रेषेतून निघतील.

प्रतिसाद:
माझं मत थोडं वेगळं. देखावे वॉलपेपरवर शोभत नाहीत असं नाही. फ्रान्सच्या झुबर कारखान्याने १८०७ मध्ये डॅनियल काका-पुतण्यांच्या चित्रांवरून हिंदुस्थानातल्या वास्तूंचा वॉलपेपर काढला होता. पण त्यात रिपीटच नव्हतं, पट्ट्यामागून पट्टा एकच सलग देखावा. घुमट सोडवत नसतील तर तसं करा. रिपीटमध्ये मात्र कोंबू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! घुमट आणि चांदणी बाद. घुमटांचं सावकाश बघू. जिन्यांचे उतार साठ अंशांत बसवले आणि जिना जिथे वळतो तिथल्या कोनाड्यात जाळी टाकली. पहिल्यांदाच चित्र एका हातचं वाटतंय. तीनच छटा ठेवल्या आहेत: पायरीचा माथा, उजेडातली बाजू, सावलीतली बाजू.

आता नवीन पेच. या जाळ्यात ५३ रुंदीला उंची येते ९१.८. तीन रिपीट म्हणजे २७५.४ सेंमी. छाटायला चार मिलिमीटर! चार रिपीट घेतले तर रोलमधून दोनच पट्टे निघतात. उंची थोडी ताणू का?

प्रतिसाद:
ताणू नका, षट्कोन लगेच चेपलेले दिसतील. सगळी नक्षी निम्म्या मापाची करा, पट्ट्याच्या रुंदीत दोन वेळा बसेल आणि रिपीट ४५.९ होईल. सात रिपीट म्हणजे ३२१.३, रोलमधून तीन पट्टे निघतात. तुम्हाला सात पट्टे लागतील, म्हणजे तीन रोल, वर दोन पट्टे शिल्लक. निम्म्या मापात जाळीच्या रेषा एक मिलिमीटरच्या खाली जात असतील तर तेवढ्या जाड करून घ्या. आणि खिडकी भिंतीच्या ज्या बाजूला असेल, पायऱ्यांची उजेडातली बाजू तिकडेच ठेवा.